थोरलीचं एकही वाक्य नाही

गेल्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी एक कथा रसग्रहणासाठी दिली, आणि तिचं शेवटचं पान कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडेच राहून गेलं. मी दिलेल्या कागदांतलं ते एक पान मशीनमागे घसरलं आणि त्याच्याशिवायच त्यानं सगळे संच काढून, पिना मारून मुलांना वाटून टाकले. मला हे कळलं तेव्हा सगळी उत्तरं लिहून माझ्या टेबलावर येऊन पडली होती.

त्याच्या आधीचं पान नेमकं पूर्णविरामाशी संपत होतं, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. उलट जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, 'कथेचा शेवट परिणामकारक असून तो वाचकाला अनपेक्षित कलाटणी देतो.' कलाटणी मशीनमागे धूळ खात पडली होती. मी कपाळाला हात लावला, आणि मग स्टाफरूममध्ये एकटीच बराच वेळ हसले.

मुलांना तरी काय बोलायचं? कथा कुठलीही असो, तिला कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, भाषाशैली आणि शीर्षकाची समर्पकता अशा खणांत घालायचं, हे त्यांना शाळेपासून पढवलेलं असतं. भाषा नेहमी साधी, सोपी, ओघवती असते. शीर्षक नेहमी समर्पक असतं. इतकी वर्षं पेपर तपासतेय, पण चुकीचं शीर्षक असलेली एकही कथा मला विद्यार्थ्यांच्या उत्तरात भेटलेली नाही. त्यातून अर्धं पान लेखकाच्या परिचयात जातं, तो गाईडमध्ये आयता मिळतो. म्हणून या वेळी मी कथेवरचं नावच काढून टाकलं होतं. "लेखक कोण ते विसरा, नुसती कथा वाचा," असं वर्गाला सांगितलं होतं.

ते खरंच होतं, पण अर्धं. नाव काढायचं दुसरं कारण असं, की ती कथा माझी होती. कुठे छापून आलेली नव्हती. एका दिवाळी अंकाला पाठवावी असं मनात होतं आणि त्याआधी मला न ओळखणाऱ्या वाचकाला ती कशी वाटते, हे बघायचं होतं. आणि त्याहून आतलं कारण म्हणजे त्या कथेतली थोरली बहीण माझी थोरली बहीण होती. आई गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. मीच खरी आहे असं कुणीतरी त्रयस्थानं म्हणावं, ही माझी इच्छा होती.

कथा थोडक्यात अशी. दोन बहिणी. धाकटी शहरात नोकरीला, थोरली गावी संसारात. आईला अर्धांगवायू होतो आणि ती थोरलीकडे राहायला जाते. धाकटी अधूनमधून भेटायला जाते, पण जाण्याआधी तिला फोन करावा लागतो, तसा थोरलीच्या घरचा नियमच आहे. स्वतःच्या आईला भेटायला आधी वेळ घ्यावी लागते, हे धाकटीला लागतं. पुढे आई जाते. तेराव्यानंतर धाकटी आईच्या साड्या मागते. मायेच्या माणसाची एखादी साडी जवळ ठेवावी, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हा शेजारीण सांगते, की साड्या केव्हाच भांडीवालीला दिल्या. आणि धाकटीला समोर फळीवर एक भलंमोठं नवं स्टीलचं पातेलं चकाकताना दिसतं.

आमच्याकडे जुने कपडे भांडीवालीला देऊन भांडी घेतात. मीही देते, त्यात वावगं काहीच नाही. पण आईच्या साड्या! तिच्या साड्या आमच्या गावात, सगळ्या टेंभुर्णीत नावाजलेल्या. महागाच्या नव्हत्या, पण नेसणं नेटकं. धुतलेली साडी घडी घालून रात्री गादीखाली ठेवायची आणि सकाळी इस्त्री केल्यासारखी काढून नेसायची, असा तिचा शिरस्ता होता. त्या साड्यांचं पातेलं झालं, हे मला तोवर गिळता आलं नव्हतं.

मुलांपर्यंत न पोचलेल्या शेवटच्या पानावर मी काय केलं होतं, तर थोरलीच्या हातून एक हिरवी साडी कपाटातून काढवली होती. धाकटीसाठी गुपचूप जपून ठेवलेली. मग दोघी गळ्यात पडून रडतात. खऱ्या आयुष्यात असलं काही झालं नव्हतं. मी तिथल्या तिथे भांडून पिशवी उचलली होती आणि पुढच्या गाडीनं सोलापूर गाठलं होतं.

तर उत्तरं. बहुतेकांनी पातेलं हे 'थोरलीच्या स्वार्थाचं प्रतीक' ठरवलं होतं. वाचून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आईच्या खोलीत उदबत्तीचा वास असतो, हे मी पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. त्यावर बहुतेक सगळ्यांनी लिहिलं, 'उदबत्तीमुळे भक्तिमय वातावरणाची निर्मिती होते.' एकानं तर थोरलीच्या ढोंगी भक्तीवर पानभर तोंडसुख घेतलं होतं. त्याला मी चांगले गुण दिले.

पुढच्या तासाला मी झेरॉक्सची भानगड वर्गाला सांगितली. "जे पान तुम्ही वाचलंच नाही, त्याची स्तुती करणारा असा वर्ग मला पहिल्यांदाच मिळाला," म्हटल्यावर सगळेच हसत सुटले. आमच्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, पण फजिती झाल्यावर सगळे एकसारखे खाली मान घालून हसतात. मग मी शेवटचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिल्या बाकावरच्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. मागून एक जण म्हणाला, "छान वाटलं, मॅडम." मलाही छान वाटलं.

"कुणाला काही म्हणायचंय?" मी सवयीनं विचारलं.

वळसंगहून एसटीनं येणारी एक मुलगी उठली. घरी कन्नड बोलणारी, वर्गात फारसं तोंड न उघडणारी. तिचं उत्तर जेमतेम पाऊण पान होतं. त्यात एकही ठरीव मथळा नव्हता, म्हणून मी ते बाजूला ठेवून दिलं होतं.

"मॅडम, हे पान नव्हतं तेच बरं होतं," ती म्हणाली.

वर्ग पुन्हा हसला. मला हसू आलं नाही. "का गं?"

"तुमी सांगितलं होतं की, कथा वाचताना पेन्सिल घेऊन बसा. जो बोलतो त्याच्या वाक्याखाली रेघ मारा. मी मारली. धाकटी बोलते. तिचा नवरा बोलतो. शेजारीण तर लई बोलते. थोरली एकदा पण बोलत नाही. मला वाटलं, पुढच्या पानावर बोलत असेल. तिथं पण नुसती रडते."

पेन्सिलीचं मी सांगितलं होतं हे खरं. दरवर्षी सांगते. कथा समजून घ्यायची तर आधी मोठमोठे शब्द बाजूला ठेवा. कोण बोलतं, कोण बोलत नाही, कुठली वस्तू पुन्हा पुन्हा येते, आणि काय सांगायचं राहून गेलंय, एवढं बघा, बाकीचं आपोआप सुचतं. सांगते खरी, पण ही पेन्सिल स्वतःच्या कथेवर चालवायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"तिच्या गप्प बसण्यातूनच तिचा स्वभाव कळतो ना," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "जिच्याकडे उत्तर नसतं, ती गप्प बसते."

"पण तिला कुणी विचारलंच नाही, मॅडम. धाकटी शेजारणीचं ऐकते, पातेल्याकडं बघते आणि निघून जाते. साड्या का दिल्या, असं कथेत कुणीच विचारत नाही."

मी काहीतरी बोलणार होते. निवेदकाचा दृष्टिकोन, सूचकता, असलं काहीतरी. पण ती अजून उभीच होती.

"आणि ती उदबत्ती. सगळ्यांनी भक्ती म्हणून लिहिलंय. पण कथेत देवाची पूजा कुठंच नाही. धाकटी येणार असली की उदबत्ती असते. आमची आज्जी अंथरुणाला खिळली होती. पाहुणे यायचे असले की तिच्या खोलीत आमी पण लावायचो." एवढं बोलून ती खाली बसली.

तास संपल्याची घंटा झाली, मुलं गेली आणि मी टेबलाशी तशीच उभी राहिले. त्या कथेत उदबत्ती मी कशासाठी घातली होती, हे मलाच सांगता आलं नसतं. तिथे ती असायची, म्हणून घातली होती. लिहिणारीनं बघितलेलं सगळं कागदावर उतरलं होतं, फक्त लिहिणारीला ते कळलं नव्हतं.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर स्कूटीनं जाताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. साड्या भांडीवालीला दिल्या, हे मला शेजारणीनं सांगितलंच नव्हतं. ते अक्का, माझी थोरली बहीण, स्वतः म्हणाली होती. मी विचारलं, "आईच्या साड्या कुठायत?" ती म्हणाली, "भांडीवालीला दिल्या." कथेत ते वाक्य मी शेजारणीच्या तोंडी घातलं. बाहेरच्या माणसाकडून कळलं की धक्का जास्त बसतो, असं लिहिताना वाटलं होतं. म्हणजे थोरलीचं जे एकुलतं एक वाक्य होतं, तेही मी काढून घेतलं होतं. माझा मलाच राग आला. आणि त्या मुलीचाही आला.

रविवारी मी पुण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसले आणि टेंभुर्णीला उतरले. फोन केला नव्हता. केला असता तर "येऊ नको" म्हणाली असती, ही भीती होती. कथेचे कागद पिशवीत होते. ते कशासाठी घेतले, सांगता येणार नाही. आपली बाजू लिहून तयार असलेली बरी, असं वाटलं असावं.

दार अक्कानंच उघडलं. केस बरेच पिकले होते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फोन केला न्हाईस," ती म्हणाली.

"नाही केला."

"ये आत. दाजी शेताकडं गेल्यात."

तिनं पाणी दिलं. चहा टाकला. आई जिथे असायची त्या खोलीत आता ज्वारीची पोती होती. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. समोरच्या फळीवर ते पातेलं होतं. आता त्याला पोचे पडले होते. मी त्याच्याकडे पाहतेय, हे तिच्या लक्षात आलं.

"अक्का, एक विचारू? आईच्या साड्या तू भांडीवालीला का दिल्यास?"

ती चहा गाळत होती. गाळून झाला, कप माझ्यापुढे सरकवला, तरी काही बोलली नाही. मला वाटलं, झालं, कथेतल्यासारखंच होणार. मग ती पदरानं हात पुसत समोर बसली.

"न्हाय दिल्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"फाडल्या. सगळ्या फाडल्या. आईच्या अंगाखाली घातल्या." तिनं नजर फळीकडे वळवली. "आईला शेवटी कशाचंच भान राहिलं न्हवतं. दिवसातनं किती बार बदलायचं. बाजारातलं आणून पुरत न्हवतं आन् तिला ते टोचायचं. जुनी साडी मऊ. आदी माझ्या फाडल्या. त्या सपल्या, मग तीच म्हणाली, माझ्या घे. एकेक करत सगळ्या गेल्या. तू यायचीस तवा नेसवायची ती एक ऱ्हायली हुती, ती तिच्या संगंच गेली. तुला दाखवायला काय उरलंच न्हवतं."

"आणि पातेलं?"

"ते इकत आणलं. तिला पुसून घ्यायला पाणी तापवायला. तू साड्या इचारल्यास आन् पातेल्याकडं बघितलंस. मग माझ्या तोंडातनं भांडीवाली निघाली."

मी गेले की आई भिंतीला उशी लावून बसलेली असायची. केस विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी, खोलीत उदबत्ती. अर्धांगवायू झालेलं माणूस इतकं टापटीप, याचं श्रेयही मी आईलाच देत होते. त्यासाठी माझा फोन आल्यापासून मी दारात पोचेपर्यंत कुणीतरी धावपळ करत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि मी मात्र फोन करावा लागतो हाच अपमान मानून बसले होते.

"तू मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "इतकी वर्षं मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणत होते."

"आईनं शपत घातली हुती की. धाकटीला सांगू नको म्हणाली. तिच्या डोळ्यापुढं मी नीट नेसलेलीच ऱ्हाऊ दे, म्हणाली."

मला रडू आलं. त्याच्या जोडीला आईचा रागही आला, तो लपवत नाही. आपण नेटकं दिसावं म्हणून तिनं एका मुलीला दुसरीच्या मनातून उतरवलं. मी तसं बोलूनही दाखवलं. अक्का म्हणाली, "आसू दे. तिला यवढंच पायजे हुतं."

"मग आज का सांगितलंस?"

"आज तू इचारलंस. तवा का म्हणून इचारलं न्हाईस, भांडलीस."

वळसंगची ती मुलगी तेव्हा मला फार आठवली.

मग मी पिशवीतले कागद काढले आणि अक्काला सगळी कथा वाचून दाखवली. लाज वाटत होती, तरी काहीही न गाळता वाचली. ती मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आपली शेजारीण कुटं येवढी बोलती?" थोरलीचा स्वार्थ आला तिथे ती नुसता पदर बोटाला गुंडाळत बसली. शेवटचं पान आलं. कपाटातून हिरवी साडी निघाली, दोघी गळ्यात पडल्या.

"ही साडी कुटली?" तिनं विचारलं.

"मी मनानं घातलीय."

"आन् आपुन आशा रडलो कदी?"

"नाही."

"मग काड की ते. उगं खोटं कशाला?"

त्या मुलीनं आणि अक्कानं एकाच पानावर काट मारली, एकीनं वर्गात उभं राहून आणि एकीनं स्वयंपाकघरात बसून. मी ते पान तिथेच फाडलं. बाकीची कथाही आता दिवाळी अंकाला द्यायची नाही, असं मनाशी ठरलं. खरी कथा ती नव्हतीच. ती सांगू का, कधी लिहू का, असं मी अक्काला भीत भीत विचारलं.

ती म्हणाली, "लिही. पर नाव कुणाचं घालू नको. आईचं बी न्हाय आन् माजं बी न्हाय."

म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

सोमवारी वर्गात मी त्या मुलीचं पाऊण पान सगळ्यांना वाचून दाखवलं आणि तिचे गुण वाढवले. थोरलीला झोडपणाऱ्या मुलाचे मात्र कमी केले नाहीत. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता, चूक त्याची नव्हती. कथा कुणाची होती, हे मी वर्गाला सांगितलं नाही. फक्त पेन्सिलीच्या सूचनेत एक भर घातली. जो बोलत नाही, त्याला कथेत कुणी काही विचारलंय का, तेही बघा.

पण मला आठवतो तो रविवारचा निरोप. अक्का मला सोडायला स्टँडपर्यंत आली. दाजींसाठी थांब म्हणाली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा तास होता. तिनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली होती. गाडी लागली. मी खिडकीची जागा धरली. ती खाली उभी होती, डोक्यावरचा पदर सावरत.

गाडी सुरू झाली तशी ती खिडकीजवळ आली.

"आता येताना फोन करत बसू नको," ती म्हणाली. "तशीच येत जा."